रक्तातील चरबी, पोटावरील चरबी आणि १,४९९ रुपयांचे पॅकेज

पुण्यातील एका रक्ततपासणी प्रयोगशाळेच्या ‘लिपिड आणि शरीरमेद’ या जोडपॅकेजविषयी हा अभिप्राय आहे. चार महिन्यांत मी तिची सेवा तीन वेळा घेतली, त्यांतील पहिल्या खेपेला माझ्याबरोबर पत्नीनेही घेतली. प्रयोगशाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. माणशी १,४९९ रुपयांत घरी येऊन रक्त घेणे, लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातील चरबीची तपासणी, केंद्रावरील यंत्राने शरीरातील चरबीचे मोजमाप आणि आहारसल्लागाराशी पंधरा मिनिटांचे फोनवरील बोलणे, एवढे सगळे मिळते. किंमत वाजवी आहे, माणसे सौजन्याची आहेत आणि अहवाल सांगितलेल्या वेळेत येतो. माझी तक्रार आहे ती या सगळ्याला एकत्र बांधणाऱ्या समजुतीविषयी.

ही समजूत पॅकेजच्या माहितीपत्रकावर चित्रासह छापलेली आहे. डावीकडे तेलाची बाटली, मध्ये तांबडी रक्तवाहिनी, उजवीकडे सुटलेले पोट आणि तिन्हींना जोडणारे दोन ठसठशीत बाण. खाल्लेली चरबी रक्तात जाते, रक्तातील चरबी अंगावर चढते, म्हणून दोन्ही एकदम मोजून घ्या, असा त्या चित्राचा सांगावा आहे. चित्र साफ खोटे आहे असे म्हणता येत नाही आणि त्यामुळेच ते अधिक फसवे आहे. आम्हा नवराबायकोच्या दोन अहवालांनी ते पहिल्याच आठवड्यात उलटेपालटे करून टाकले.

आधी पहिल्या नमुन्याची हकीकत सांगतो. नोंदणी केली तेव्हा सोयीची तारीख विचारली गेली, पत्ता विचारला गेला, मधुमेह आहे का हेही विचारले गेले. परंतु आदल्या रात्री कोजागिरी आहे याकडे माझेही लक्ष नव्हते आणि त्यांचेही. बारा तास उपाशी राहण्याची सूचना मोबाइलवर आली ती रात्री अकरा वाजता, आणि त्या वेळी मी सोसायटीच्या गच्चीवर मसाला दुधाच्या पातेल्याजवळ उभा होतो. म्हशीचे आटवलेले दूध, दोन पेले, वर कांदाभजी. पत्नीने दुधाला नुसते ओठ लावले, कारण तिला रात्री दूध पचत नाही. सकाळी पावणेसातला सॅम्पल घेणारा मुलगा दारात हजर झाला, दंडाला पट्टा बांधून त्याने अर्ध्या मिनिटात काम उरकले आणि पिवळ्या टोपणाच्या नळीवर नाव लिहून तो पुढच्या घराकडे निघाला. “काका, उपाशी आहात ना?” एवढे त्याने विचारले होते. सकाळपासून काही खाल्ले नव्हते, म्हणून मी खुशाल हो म्हटले.

संध्याकाळी अहवाल आला. माझे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून वाहणारी मुख्य चरबी, ३४८, पत्नीचे ११२. एक डेसीलिटर रक्तद्रवात इतके मिलीग्रॅम, असा हा हिशेब असतो. १५० च्या आत ते ठीक, १५० ते १९९ काठावरचे, २०० च्या पुढे जास्त आणि ५०० च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती वाटावी इतके. माझ्या आकड्यापुढे तांबडा बाण होता आणि खाली एक सूक्ष्म टीप होती, “नमुना गढूळ. उपाशीपोटी पुन्हा तपासणी करून घ्यावी.” टीप प्रामाणिक होती, पण ती पानाच्या तळाशी आणि मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत होती. फोन करून विचारले तेव्हा पुनर्तपासणी विनामूल्य करून देण्याचे त्यांनी लगेच मान्य केले. ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी.

पाच दिवसांनी, दिवाळीच्या फराळाला सुरुवात होण्याआधी, मी स्वतःच केंद्रावर गेलो. तेथील तंत्रज्ञ मुलीला कुतूहलाने विचारले की नमुना गढूळ म्हणजे नेमका कसा दिसतो. तिने यंत्रातून फिरवून काढलेल्या दोन नळ्या नावांच्या चिठ्ठ्या बोटांनी झाकून उजेडात धरल्या. एकीत तांबड्या गाठीच्या वर गवती चहासारखा फिकट पिवळा, आरपार दिसणारा द्रव होता. दुसरीत त्याच जागी पाणी घातलेल्या ताकासारखे काहीतरी होते आणि त्यातून मागची खिडकी दिसत नव्हती. “बहुतेक पार्टी झाली असणार,” ती म्हणाली. खाल्लेली चरबी रक्तात जाते म्हणजे काय होते, हे त्या दोन नळ्यांनी जितके स्वच्छ दाखवले तितके माहितीपत्रकाच्या आठ पानांना जमलेले नाही.

त्या रात्री माझ्या पोटात काय घडले असावे ते सांगतो. दुधातील आणि भज्यांतील मेद आतड्यात सुटा होतो, आतड्याच्या पेशींत पुन्हा जुळवला जातो आणि कायलोमायक्रॉन नावाच्या गोळ्यांत बांधला जातो. हे गोळे इतके मोठे असतात की ते थेट रक्तात न शिरता लसिकावाहिन्यांत जातात, छातीतून वर चढतात आणि मानेच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या जवळ, शिरेत रिते होतात. साखर यकृतामार्गे रक्तात येते, स्निग्धांश मात्र यकृताला वळसा घालून येतो. जेवणानंतर तीनचार तासांनी रक्तातील ही गर्दी सर्वांत जास्त असते आणि निरोगी माणसात ती आठ ते बारा तासांत ओसरते. ती ओसरवण्याचे काम चरबीच्या आणि स्नायूंच्या केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) करते. ते गोळ्यांतील ट्रायग्लिसराइड फोडून मेदाम्ले मोकळी करते आणि ती शेजारच्या पेशी उचलतात. जेवणानंतर इन्सुलिन वाढलेले असते, त्यामुळे चरबीच्या पेशींतील विकराला जोर येतो आणि माल बहुतांशी कोठारात जातो. उपाशी असताना तोच माल स्नायूंच्या वाट्याला अधिक येतो. माझा नमुना दुधानंतर सात तासांच्या आत घेतलेला होता, म्हणजे गर्दी पांगण्याच्या आत. २०१६ मध्ये युरोपातील तज्ज्ञांच्या गटाने नेहमीच्या लिपिड तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही असे मत दिले आणि न उपाशी नमुन्यासाठी ट्रायग्लिसराइडची मर्यादा १७५ धरली, हे खरे आहे. पण त्यांच्या डोळ्यांसमोर रोजचे साधे जेवण होते, कोजागिरी नव्हे.

म्हणजे पहिला बाण, खाद्यातून रक्ताकडे जाणारा, त्या रात्रीपुरता शंभर टक्के खरा ठरला. पण माझा उपाशीपोटीचा आकडाही २२६ आला. बारा तास तोंडात पाण्याशिवाय काही गेलेले नसताना रक्तात ही चरबी कोठून आली, या प्रश्नाला त्या चित्रात जागाच नाही. उत्तर यकृतात आहे. उपाशी माणसाच्या रक्तातील ट्रायग्लिसराइड जवळजवळ सारे यकृताने बांधून पाठवलेल्या व्हीएलडीएल कणांतले असते. त्यासाठीचा कच्चा माल मुख्यतः शरीरातील चरबीच्या पेशींनी सोडलेली मेदाम्ले असतात आणि काही भाग यकृताने साखरेपासून स्वतः तयार केलेला असतो. गोड, मैदा, पांढरा भात आणि मद्य यांनी हा कारखाना जोरात चालतो. म्हणजे येथे बाण उलट्या दिशेने, अंगावरील चरबीकडून रक्ताकडे निघतो, आणि दुसरा एक बाण तेलाच्या बाटलीऐवजी साखरेच्या डब्यातून सुटतो.

आता एक छोटा हिशेब, जो अहवालात असायला हरकत नव्हती. माझ्यासारख्या माणसाच्या अंगात साधारण तीन लिटर रक्तद्रव असतो. दर डेसीलिटरमागे २२६ मिलीग्रॅम, म्हणजे साऱ्या रक्तात मिळून ट्रायग्लिसराइड सातएक ग्रॅम, चहाचा फार तर दीड चमचा तेल. त्याच दिवशी त्यांच्याच यंत्राने माझ्या अंगात १५ किलोपेक्षा थोडी जास्त चरबी असल्याचे सांगितले. दोन हजार पटींहून अधिक फरक! दिवसाला पन्नाससाठ ग्रॅम तेलतूप खाणाऱ्या माणसाच्या रक्तात एका वेळी सात ग्रॅमच सापडतात, कारण रक्त हे कोठार नाही, रस्ता आहे. रस्त्यावर गाड्या तुंबल्या म्हणून गोदाम भरलेलेच असेल असे नाही आणि गोदाम भरलेले आहे म्हणून रस्ता तुंबेल असेही नाही. पत्नीचे उदाहरण या दुसऱ्या प्रकारातले आहे.

तिकडे वळण्याआधी रक्ताच्या अहवालाविषयी एक तांत्रिक तक्रार नोंदवतो, कारण ती अनेकांच्या कामाची आहे. माझ्या पहिल्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल २०८, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३६ आणि एलडीएल (‘वाईट’) १०२ होते. दुसऱ्यात एकूण २०५, एचडीएल ३७ आणि एलडीएल १२३. पाच दिवसांत ‘वाईट’ कोलेस्टेरॉल एकवीस अंकांनी चढले असे वाटून पत्नी घाबरली. वास्तविक काहीही चढलेले नव्हते. या पॅकेजमध्ये एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, १९७२ पासून चालत आलेल्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्साही वजा करायचा. हा पाचवा हिस्सा उपाशीपोटीच्या व्हीएलडीएलचा अंदाज असतो. दुधाच्या कायलोमायक्रॉनने ट्रायग्लिसराइड फुगवले, की वजा होणारा आकडा फुगतो आणि एलडीएल कागदावर आपोआप खाली येते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेले तर हे सूत्र वापरूच नये असा संकेत आहे. माझे ३४८ त्या कुंपणाच्या आत, पण काठाला लागून होते. एकूणातून फक्त एचडीएल वजा केले तर दोन्ही खेपांना १७२ आणि १६८ येतात, म्हणजे तेच. ‘नॉन-एचडीएल’ नावाने हा आकडा बहुतेक अहवालांत असतो. येथेही होता, पण त्याच्याकडे पाहा असे कोणी सांगितले नाही. एलडीएलपुढे ‘गणिताने काढलेले’ एवढे दोन शब्द ठळक छापायला शाईचा किती खर्च येतो?

आता यंत्राकडे. केंद्रावरील यंत्रावर अनवाणी उभे राहायचे, दोन्ही हातांत मुठी धरायच्या आणि पंधरावीस सेकंद थांबायचे. अंगातून जाणवणार नाही इतका सौम्य विद्युतप्रवाह जातो. पाणी आणि क्षार असलेल्या स्नायूंतून तो सहज वाहतो, चरबीतून अडतो. यंत्र मोजते ती फक्त ही अडवणूक. चरबीची टक्केवारी तिच्यात उंची, वजन, वय आणि लिंग मिसळून एका सूत्राने काढली जाते. माझ्या ६४ किलोंत २४ टक्के चरबी निघाली. पुतण्याकडे घरगुती वजनकाट्याचा असाच एक नमुना आहे, त्यावर मी दोन दिवस खेळून पाहिले. सकाळी उभा राहिलो, मग अर्धा लिटर पाणी पिऊन लगेच पुन्हा उभा राहिलो. चरबी अर्ध्या टक्क्याहून अधिक वाढली, कारण पोटात नुकतेच पडलेले पाणी वजनात आले पण अडवणुकीत आले नाही, तेव्हा काट्याने ते सरळ चरबीच्या खात्यात टाकले. त्यावर ‘खेळाडू’ असा एक पर्याय आहे, तो दाबला तर त्याच क्षणी त्याच अंगातील चरबी सहा टक्क्यांनी उतरली. इतक्या स्वस्तात खेळाडू होण्याची सोय मला आधी माहीत नव्हती. शिवाय फक्त पायांना स्पर्श करणाऱ्या काट्यातील प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, पोटाची त्याला फारशी वार्ताच नसते. केंद्रावरील यंत्र हातांतूनही प्रवाह सोडते, म्हणून ते त्याहून बरे आहे, तरीही त्याचा एक आकडा घेऊन त्यावर निर्णय करण्यात अर्थ नाही. त्याच वेळी, त्याच स्थितीत, महिन्याने पुन्हा मोजून दिशा पाहायची असेल तर त्याचा उपयोग होतो. हे सांगणारी एकही ओळ त्या रंगीत कागदावर नाही. उलट दशांशचिन्हानंतरचा एक आकडा छापून खात्रीचा आव तेवढा आणला आहे.

आमच्या दोघांच्या कागदांत खरी गंमत होती. माझी उंची १६९ सेंटीमीटर, वजन ६४, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.४, भारतीयांसाठीची कडक मर्यादा २३ आहे, तिच्याही मी आत. पत्नीचा बीएमआय २९ च्या पुढे आणि यंत्राच्या मते चरबी ३८ टक्के. तिचे ट्रायग्लिसराइड ११२, एचडीएल ५८. माझे २२६ आणि ३७. माहितीपत्रकाच्या बाणांप्रमाणे हे दोन्ही अहवाल एकमेकांत बदलायला हवे होते, आणि आहारसल्लागार बाईंनी खरोखरच आधी नावांची अदलाबदल तर झाली नाही ना असे विचारले.

पुण्यात राहून हा प्रश्न विचारला जावा याचे मला नवल वाटले. येथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते. दोघांचाही बीएमआय तंतोतंत २२.३, आणि अंगातील चरबी युडकिन यांच्या ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून जगभर ओळखला जातो. याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली होती. आपल्याकडील बाळे सरासरी २.७ किलोंची आणि तिकडची ३.५ किलोंची, पण आपल्या बाळांत जे कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातील अवयव, पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. सडपातळ दिसणाऱ्या अंगात चरबीचा वाटा मोठा असू शकतो, हे आमच्या शहराने जगाला दाखवले. माझ्या २४ टक्क्यांचे त्यामुळे आश्चर्य वाटायला नको. ज्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचाही समावेश होता त्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात ७२.३ टक्के लोकांचे एचडीएल कमी आणि २९.५ टक्क्यांचे ट्रायग्लिसराइड जास्त आढळले होते. ही दुक्कल आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती बारीक माणसांनाही सोडत नाही.

दोन्ही एकत्र का येतात, हे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला दहा मिनिटांत समजावले. नितंब आणि मांड्यांवरील त्वचेखालची चरबी आलेला माल घेते आणि धरून ठेवते. ते कोठार ज्याचे लहान आहे, किंवा ज्याच्या पेशी इन्सुलिनचे ऐकेनाशा झाल्या आहेत, त्याच्या अंगात चरबी पोटाच्या आत आणि यकृतात साठू लागते. अशा माणसाच्या चरबीपेशी जेवणानंतरही मेदाम्ले सोडत राहतात, यकृत त्यांचे व्हीएलडीएल बनवून रस्त्यावर धाडत राहते आणि रस्ता मोकळा करणारे विकर मंदावते. रक्तात ट्रायग्लिसराइडने गच्च भरलेले कण फिरू लागले की त्यांची एचडीएलशी देवाणघेवाण वाढते, त्यात एचडीएलचे कण लहान होऊन लवकर निकालात निघतात. माझा ३७ हा आकडा २२६ ची सावली होता. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे लिपोडिस्ट्रॉफी. या दुर्मीळ विकारात त्वचेखाली चरबी जवळजवळ नसतेच, हातापायांचे स्नायू कोरल्यासारखे दिसतात आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड काही वेळा हजारांच्या घरात जाते. गोदामच नसेल तर माल रस्त्यावर राहणार.

पत्नीच्या बाबतीत गोदाम मोठे आहे आणि अजून तरी माल घेते आहे. त्यामुळे तिचे वजन हा प्रश्नच नाही असे मी म्हणत नाही. गुडघे रोज संध्याकाळी त्याची आठवण करून देतात, आणि साखर व रक्तदाब यांच्यावर लक्ष ठेवायला डॉक्टरांनी तिला सांगितले आहे. पण तिच्या अहवालावर ‘रक्तातील चरबी कमी करण्यासाठी वजन घटवा’ हा छापील परिच्छेद होता आणि माझ्याही अहवालावर अक्षरशः तोच होता. तिच्या रक्तात कमी करण्यासारखे काही नव्हते आणि माझ्या वजनाकडे पाहून त्यांच्याच तक्त्यात हिरवा रंग दिलेला होता.

आहारसल्लागाराचे बोलणे हा पॅकेजमधील सर्वांत कच्चा भाग आहे. बाई गोड बोलणाऱ्या होत्या, पण त्यांच्यासमोर लिहिलेला कागद होता आणि त्यावरून त्या हलेनात. तेलतूप शक्य तितके बंद, नारळ बंद, शेंगदाणे बंद. त्याऐवजी कुरमुरे, भाजलेला पोह्यांचा चिवडा, भाकरी एक जास्त चालेल, चहाबरोबर दोन मारी बिस्किटे चालतील. मी दिवसाला किती चहा पितो हे विचारले गेले नाही. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, दोनदा खारी, हे माझे मी सांगितले तेव्हा “खारी सोडा, तिच्यात डालडा असतो” एवढेच उत्तर आले. वनस्पती तुपातील ट्रान्स मेदावर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे आणि खारीतील मैद्याविषयी बाई काही बोलल्या नाहीत. स्निग्धांश काढून त्या जागी पिष्ट आणि साखर भरली तर ट्रायग्लिसराइड चढते आणि एचडीएल उतरते, हे आहारशास्त्रातील जुने, पुन्हा पुन्हा पडताळलेले निरीक्षण आहे. ज्याचे हे दोन आकडे आधीच बिघडलेले आहेत त्याला नेमका हाच बदल सुचवणे म्हणजे कोरड्या विहिरीवर दुसरा पंप बसवणे. तेलाला सूट आहे असेही नाही. ग्रॅममागे ९ कॅलरी असल्याने जास्तीचे तेल चरबीच्या पेशीत फारशी उलथापालथ न होता जाऊन बसते, इतके की करडईच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलातील लिनोलेइक आम्ल, जे शरीर स्वतः बनवू शकत नाही, माणसाच्या त्वचेखालच्या चरबीच्या नमुन्यात मोजून त्याने दीर्घकाळ काय खाल्ले याचा अंदाज बांधता येतो. बाटलीपासून पोटापर्यंतचा बाण या अर्थाने अगदी खरा आहे. उपाशीपोटीच्या अहवालात मात्र तो दिसत नाही, तेथे दिसते ते यकृताचे काम.

डॉक्टरांनी खणातून शिंप्याची असते तशी टेप काढली. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, न आवळता. ९४ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९० आणि स्त्रियांसाठी ८० धरतात. माझ्या सैलसर सदऱ्याने झाकलेले चार सेंटीमीटर त्या पंचवीस रुपयांच्या टेपने उघडे पाडले, आणि १,४९९ रुपयांच्या पॅकेजमध्ये कंबर मोजण्याचा रकानाच नव्हता. चहातील साखर आणि बेकरी बंद, रात्रीचा भात अर्धा, जेवणानंतर अर्धा तास चालणे, शेंगदाणे मूठभर खुशाल. एवढेच त्यांनी सांगितले. मध्ये दिवाळी आड आली, म्हणून खरी सुरुवात भाऊबीज उलटल्यावर झाली. साखरेविना चहा पहिले दहा दिवस औषधासारखा लागला, नंतर शेजाऱ्यांकडचा गोड चहा पाकासारखा लागू लागला.

तिसरी तपासणी संक्रांतीनंतर केली. वजन दीड किलोने उतरले होते, कंबर ९१, ट्रायग्लिसराइड १५२, एचडीएल ४०. ट्रायग्लिसराइड एकाच माणसात कारणाशिवायही दिवसागणिक वीसेक टक्के खालीवर होते, हे लक्षात घेऊनही हा उतार खरा असावा असे डॉक्टरांचे मत पडले. यंत्राने चरबी २४.३ टक्के सांगितली, म्हणजे त्याच्या मते काहीच झाले नव्हते, उलट किंचित वाढ होती. त्या रंगीत कागदावर विसंबून राहिलो असतो तर साखर परत सुरू केली असती.

तेव्हा खरेदीविषयी माझा सल्ला असा. या प्रयोगशाळेचे साधे लिपिड प्रोफाइल सुटे घेता येते, ते पॅकेजच्या निम्म्याहून कमी किमतीत होते आणि त्याचा दर्जा चांगला आहे. गढूळ नमुना ओळखून तो विनामूल्य पुन्हा तपासून देणारे सगळेच नसतात. शरीरमेदाचे यंत्र आणि फोनवरील सल्ला यांसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, अहवाल आपल्या डॉक्टरांकडे न्यावा. पाचपैकी साडेतीन तारे, त्यातला अर्धा त्या तंत्रज्ञ मुलीच्या दोन नळ्यांसाठी. उपाशी राहण्याच्या सूचनेविषयी मी लेखी तक्रार केली होती, तिचे उत्तर आले नाही. पण तिसऱ्या खेपेला सॅम्पल घ्यायला तोच मुलगा आला होता आणि पट्टा बांधण्याआधी त्याने विचारले, “काका, काल रात्री शेवटचं काय नि किती वाजता खाल्लंत?” मी साडेसात सांगितले. त्याच्या चिठ्ठीवर त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून त्याने ते माझ्या नावाशेजारी समासात लिहिले आणि भोवती पेनाने गोल काढला.